वर्षावासात एक सवय सोडू या

(आषाढी पौर्णिमेस वर्षावास प्रारंभाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास. या काळात आपल्या विहारात दरवर्षीप्रमाणे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होईल. त्याच्या जोडीला आमची एकच विनंती आहे. या तीन महिन्यांत प्रत्येकाने आपली एक लहानशी सवय सोडावी.

एवढ्याशा सवयीने काय होणार, असे कुणी म्हणेल. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी भगिनींना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे जड दागिने उतरवा, असे सांगितले. आपल्या आज्यांनी ते लगोलग अंमलात आणले. त्यासाठी पैसा लागला नाही की सरकारचा हुकूम लागला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेमागे अशा घराघरांतल्या बदलांची जवळजवळ तीस वर्षे उभी होती.

आता आमचेच सांगतो. आम्ही बावीस वर्षे तंबाखू खाल्ली. एका रविवारी विहारात पंचशील म्हणताना आमच्या गालात बार तसाच होता. शेजारी बसलेल्या नातीने सर्वांसमक्ष विचारले, "आजोबा, तुम्ही पाचवं शील तोंड मिटून का म्हणता?" लोक हसले. आम्हांला मात्र मान वर करता आली नाही.

पाचव्या शीलात तंबाखू येते की नाही, असा वाद घालणारे भेटतात. आम्हीही घालत होतो! पण त्या शीलाचे मर्म 'पमाद' या शब्दात आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा. मनाला पत्ता नसताना हात खिशातल्या पुडीकडे जातो, तो बेसावधपणा नव्हे तर काय? आपल्या वस्तीत तोंडाच्या कर्करोगाने गेलेली माणसे आठवा. घरोघरी मशेरी लावणाऱ्या माता-भगिनी आठवा. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पोरांच्या हाती पुडी दिसतेच. बापाच्या खिशात डबी असेल तर पोराला कोणत्या तोंडाने सांगणार?

आम्ही एकदम सर्व सोडले नाही. प्रथम जेवणानंतरची चिमूट बंद केली. डबी घरी ठेवून कामावर जाऊ लागलो. तलफ आली की पाणी पिऊन चार पावले चालायचे. थोड्या वेळाने ती ओसरते. तिसऱ्या आठवड्यात एका मयतीला गेलो, कुणीतरी हात पुढे केला आणि आम्ही चिमूट घेतली. त्या रात्री वाटले, संपले सारे.

तेव्हा आम्हांला शीलाचा अर्थ उमगला. आपण शीलाला 'सिक्खापद' म्हणतो, म्हणजे शिकण्याचे पाऊल. ती वरून आलेली आज्ञा नाही, आपण होऊन स्वीकारलेला अभ्यास आहे. शील एकदा घेऊन भागत असते, तर लग्न असो की जयंती, प्रत्येक कार्यक्रमात ते पुन्हा का घेतो? चुकलेल्या माणसाला पुन्हा आरंभ करता यावा म्हणूनच ना? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वंदना घेतली आणि पुन्हा पहिला दिवस मोजला. असे तीनदा झाले. चौथ्यांदा सुटली.

म्हणून बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर एकच सवय निवडा. कुणाची तंबाखू असेल, कुणाची मशेरी, कुणाचे मुलांवर उठसूट ओरडणे, कुणाचा जेवताना हातातला मोबाईल. निवडलेली सवय घरातल्या एका माणसाला सांगा, म्हणजे पळवाट राहणार नाही. चुकलात तर लपवू नका, खचू नका. दुसऱ्या सकाळी पुन्हा आरंभ करा. आश्विन पौर्णिमेला आपण याच जागी भेटू. त्या दिवशी कुणी हिशेब मागणार नाही. आपला आपणच द्यायचा आहे.

आमची नात आता आमच्या शेजारी बसून पंचशील म्हणते. पाचवे शील आम्ही दोघेही मोठ्याने म्हणतो.



नमो बुद्धाय! जयभीम!