क्रँकची फट मोजून घ्या

आमच्या गटाची जुनी मारुती व्हॅन धडगावहून चांदशैली घाट उतरून तळोद्याला माल नेते. परवा तिचं इंजिन खोललं, आम्ही जवळ बसून पाहिलं.

इंजिनातला फिरता दांडा म्हणजे क्रँक. क्लच दाबला की तो पुढे रेटला जातो. घाटात सारखा क्लचवर पाय ठेवला, तर त्याला अडवणारे थ्रस्ट वॉशर झिजतात. या आठशे सीसी इंजिनाला पुढेमागे ०.११ ते ०.३१ मिलिमीटर फट लागते. आमची ०.४२ निघाली! फट फारच कमी असली तरी तेल शिरत नाही, वॉशर जळतात.

'हाताने कळतं,' असं मिस्त्री म्हणतात. आम्ही डायल गेज लावायलाच सांगितलं. जाड वॉशर घातले, खाचा क्रँककडे करून. परत मोजली, ०.१८ आली. मगच चेंबर बंद करू दिलं.