घरी बसलेल्या बायकांची कंपनी



आवाजाहून वेगानं उडणाऱ्या कॉनकॉर्ड विमानाचं नाव आपण ऐकलं असेल. या विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं, म्हणजे उड्डाणाची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या पेटीसाठीचं प्रोग्रॅमिंग इंग्लंडमधल्या काही बायकांनी आपापल्या घरी बसून केलं होतं. ज्या कंपनीनं हे काम मिळवलं, ती उभी केली स्टेफनी शर्ली यांनी. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

त्यांचा जन्म १९३३चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू, पेशानं न्यायाधीश. नाझी राजवटीत त्यांचं पद गेलं, आणि कुटुंब व्हिएन्नाला आलं. जुलै १९३९ मध्ये, महायुद्धाला दोन महिनेही उरले नसताना, आईवडिलांनी दोन्ही मुलींना व्हिएन्नात इंग्लंडच्या गाडीत बसवून दिलं. धाकटी, म्हणजे स्टेफनी, पाच वर्षांची, थोरली नऊची. ज्यू मुलांना वाचवण्यासाठी सोडलेल्या अशा गाड्यांनी सुमारे १०,००० मुलं ब्रिटनला पोचली. या दोघींना एका इंग्रज दांपत्यानं वाढवलं. धाकटीला गणिताचं वेड. मुलींच्या शाळेत हवं तेवढं गणित शिकवत नव्हते, म्हणून ती त्या तासांना मुलांच्या शाळेत जाऊन बसे. पुढे टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांतून गणिताची पदवी.

नोकरीत हुशारी दिसत होती, पण बढतीची वेळ आली की बाई असणं आड येई. १९६२ मध्ये त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्वतःची कंपनी सुरू केली. भांडवल ६ पौंड. त्या काळी संगणक विकत घेतला की सॉफ्टवेअर सोबत फुकट येई. ते वेगळं विकायचं म्हणताच लोक हसले, आणि विकणारी बाई म्हटल्यावर आणखी हसले. कंपनीचं बँक खातं उघडायलाही नवऱ्याची परवानगी लागली. कामासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात. तेव्हा नवऱ्यानंच सुचवलं, सही ‘स्टीव्ह’ अशी करून बघ. पत्रांना उत्तरं येऊ लागली! पुढे आयुष्यभर त्या स्टीव्ह शर्ली म्हणूनच ओळखल्या गेल्या.

त्यांनी माणसं कुठून आणली, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या कितीतरी बायका लग्नानंतर, मूल झाल्यावर घरी बसल्या होत्या. शिकलेल्या, अनुभवी, पण बाजाराच्या लेखी संपलेल्या. शर्लीबाईंनी त्यांनाच कामावर घेतलं. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत पुरुष तीनच. आता घरून काम म्हटलं की आपल्याला लॅपटॉप आठवतो. या बायकांच्या घरी संगणक नव्हताच. कागद-पेन्सिल घेऊन आधी कामाच्या पायऱ्यांचा आराखडा काढायचा, मग एकेक आज्ञा हातानं लिहायची. ते कागद टपालानं संगणक केंद्रावर जात. तिथे कार्डांवर किंवा कागदी फितीवर भोकं पाडली जात, आणि चूक राहू नये म्हणून तेच काम पुन्हा एकदा होई. एवढं झाल्यावर संगणकाची गाठ पडायची. शर्लीबाईंच्या स्वतःच्या घरातही तान्हं मूल. गिऱ्हाइकाचा फोन आला की त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत. पलीकडच्याला वाटे, भरलेलं ऑफिस आहे.

१९७५ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि बायकांसाठीच्या या कंपनीला पुरुषांनाही दार उघडावं लागलं. कंपनी मोठी झाली. शर्लीबाईंनी आपल्या वाट्यातून कंपनीचा सुमारे चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या नावे केला. १९९६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, आणि पुढे त्यांच्या ७० कर्मचाऱ्यांकडे प्रत्येकी दहा लाख पौंडांहून जास्त संपत्ती जमली. उद्योगपतीचा मोठेपणा मी तरी अशा आकड्यात पाहते. हीच कंपनी नंतर झान्सा नावानं ओळखली गेली; पुण्यातही तिचं कार्यालय होतं.

या सगळ्या वर्षांत घरी मोठं दुःख होतं. १९६३ मध्ये जन्मलेला जाइल्स, त्यांचा एकुलता एक मुलगा, अडीच वर्षांचा असताना जे चार शब्द बोलायचा तेही बोलेनासा झाला. त्याला ऑटिझम होता, पुढे फिट्सही येऊ लागल्या. अशा माणसांना घरासारखं राहता यावं म्हणून शर्लीबाईंनी संस्था काढली, आणि तिच्या पहिल्या घरात पहिला राहायला आला तो जाइल्स. १९९८ मध्ये, ३५व्या वर्षी तो गेला. त्यानंतरही त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी शाळा उभारली, संशोधनाला पैसा दिला. एकूण दान ६ कोटी पौंडांच्या वर गेलं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाच्या हाती नोकरीसाठी माणसं निवडायचं काम असेल, तर एक विनंती आहे. एखाद्या बाईच्या अर्जात मधली चार-पाच वर्षं रिकामी दिसली, म्हणून तो अर्ज बाजूला टाकू नका. तिला मुलाखतीला जरूर बोलवा.