घुमट आणि पायरी



महाडची औद्योगिक वसाहत ही धुरांड्यांची आणि पत्र्याच्या छपरांची. घुमट पाहावयाचा तर येथून जवळच्या रायगडावर जावे. तेथे जगदीश्वराच्या मंदिरावर उंच शिखर नाही, घुमट आहे. प्रथमच गड चढलेला यात्रेकरू क्षणभर थबकतो. हिंदवी स्वराज्याच्या राजधानीत हे रूप कसे?

उत्तर त्या मंदिराच्या पायरीवर आहे. गड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी तेथे आपले नाव कोरले, ते केवळ सेवेस तत्पर असा एक म्हणून. ज्याची निष्ठा अढळ, त्याला दगडाच्या आकाराचे भय नसते. शिवाय अर्धगोल आपल्याला परका नाही. महाडलगतच्या गांधारपाले लेण्यांत स्तूप कोरलेला आहे. स्तूप भरीव आणि घुमट पोकळ, हा रचनेतील भेद खरा; पण डोळ्यांना दिसणारी गोलाई तीच.

इंग्रजांनी घुमटाला सत्तेची भाषा दिली. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ साली पूर्ण झाले. त्याच्या घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती उभी राहिली, प्रगती ही साम्राज्याची देणगी, असा तिचा बोध. १९९६ साली स्थानकाला छत्रपती शिवरायांचे नाव मिळाले. घुमट तोच राहिला, अर्थ पालटला.

परंतु नामांतराने कार्य संपत नाही. दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाची वास्तू गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी वास्तुविशारदाने आखली. १९५८ साली न्यायालय तेथे आले. तराजूच्या आकाराच्या त्या वास्तूच्या मध्यभागी घुमट आहे. शैलीवर इंग्रजी राजवटीची छाया आहे. पण घुमटाखाली व्हाईसरॉय नव्हे, न्याय बसला आहे.

न्यायाचे मोल महाडकरांना कोणी सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. तो हक्क न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. आपल्याच समाजाने आपल्याच बांधवांना सार्वजनिक पाण्यापासून दूर ठेवले, हे विसरून कोणत्याही शिखराचा अभिमान मिरवता येणार नाही.

नगरपालिका असो वा न्यायालय, घुमट हवा की कळस याची चर्चा अवश्य व्हावी. मात्र त्या वास्तूची पायरी सर्वांत शेवटचा माणूस ताठ मानेने चढतो का, हे आधी पाहावे. हिरोजींनी आपले नाव कळसावर नव्हे, पायरीवर कोरले, हे आपण ध्यानी ठेवू या.