विकासाचे मोजमाप कोणी करावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सार्वजनिक कामाच्या अहवालात खर्चाचा आकडा ठळक असतो. त्या खर्चाने कोणाचे काय भले झाले, हे मात्र बहुधा शोधावे लागते. काम चालू असतानाच उणिवा दाखविते ती देखरेख; काम झाल्यावर त्याचे फळ तपासते ते मूल्यमापन.

आपल्या देशाला ही जाणीव फार पूर्वीपासून आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभांचीही पाहणी केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी त्याच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र संघटनाही उभी राहिली.

परंतु तपासनीस वरून आला आणि वरच परत गेला, तर ज्याच्यासाठी काम काढले तो मुकाच राहतो. रोजगार हमीचेच उदाहरण घेऊ. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या महाराष्ट्रातील या योजनेला २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याचा आधार मिळाला, आणि २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. अशा कामावर हजेरीपटात एक खोटे नाव चढले, की श्रमिकांसाठी ठेवलेला पैसा भलत्याच्याच खिशात जातो. ते नाव खोटे आहे हे कचेरीला कळत नाही, गावाला कळते. म्हणूनच राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरवून सरकारी कामांचे कागद गावकऱ्यांसमोर वाचून दाखविले. पुढे २००५ च्या कायद्याने ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार दिला, आणि आंध्र प्रदेशाने २००६ पासून ते पद्धतशीरपणे हाती घेतले.

तथापि एवढ्याने भागले नाही. आंध्रातील या तपासण्यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की तपासण्या होऊनही एकूण गैरप्रकार घटले नाहीत; उलट साहित्यखर्चातील, पकडण्यास अवघड असे प्रकार वाढले. दोष सापडत होते, पण वसुली आणि शिक्षा क्वचितच होत होती. नाडी पाहून वैद्य निघून गेला, तर रोग बरा कसा होणार? मोजमाप हे निदान आहे. औषध पुढे द्यावे लागते.

हाच नियम आपल्या मंडळालाही लागू आहे. पन्नास वर्षांत किती गणेशोत्सव झाले, किती नाटके झाली, हे आपण अभिमानाने नोंदवितो. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांपैकी किती जणांना आजीचे मराठी पत्र वाचता येते, याची नोंद आपण ठेवतो काय? ती ठेवावी, मुलांनाच विचारून ठेवावी. आणि उत्तर अप्रिय निघाले, तर पुढील वर्षाचे अंदाजपत्रक त्याप्रमाणे बदलण्याची तयारीही ठेवावी, एवढी विनंती.