फवारणीच्या औषधाचं बिल जपा

खामगाव असो की मेहकर, कपाशीच्या फवारणीला पाणी आपण भरतो, औषधाचे कपडेही आपणच धुतो.

२०१७ मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. २०२० मध्ये ५१ शेतकरी कुटुंबांची तक्रार थेट स्वित्झर्लंडला पोचली. धनी गमावलेल्या दोघींनी तिथल्या बासेलच्या कोर्टात औषध कंपनीवर दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली.

अशा वेळी पहिला सवाल एकच: फवारलं कोणतं औषध? म्हणून बायांनो, पक्कं बिल घ्या, जपून ठेवा. चक्कर, उलटी, डोळ्यांची आग झाली तर लगेच दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या. बचत गटाच्या बैठकीत हे जरूर सांगा.