तरुणांच्या मनाचे दुखणे
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पूर्वजांच्या श्रद्धेचे स्मरण करणे उचितच होय. परंतु आज आम्ही आपणांपुढे एक दुःखाचा विषय मांडू इच्छितो. तो म्हणजे आपल्या तरुण मुलामुलींच्या मनाचे आजार.

कॉलेजात जाणाऱ्या मुलाची काळजी सर्वांस असते. त्याची परीक्षा जवळ आली की घरच्या रोझरीत त्याचे नाव निघते. परंतु ज्याचे शिक्षण बारावीस खुंटले, जो पहाटेच्या गाडीने कामास जाऊन रात्री परततो, अथवा काम नाही म्हणून घरीच बसून असतो, त्याची विचारपूस कोण करितो? त्यास आळशी म्हणून आपण मोकळे होतो.

असा एक तरुण काही वर्षांपूर्वी आम्हांकडे आला होता. रात्र-रात्र झोप नाही, अन्न गोड लागत नाही, असे तो म्हणाला. अधिक प्रार्थना करावी, असा उपदेश करून आम्ही त्यास परत पाठविले. पुढे त्याच्या आईने त्यास वेळीच डॉक्टरांकडे नेले, म्हणून तो सावरला. त्या दिवसाची लाज आम्हांस अद्याप वाटते.

एलिया संदेष्टा अरण्यात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, निजू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. हा क्रम आम्ही विसरलो होतो.

डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. लिझ्यूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन १८८९ पासून १८९२ पर्यंत मनोरुग्णालयात होते; त्यांसच पवित्र ख्रिस्तसभेने २०१५ साली संतपद दिले. जीव देऊ पाहणाऱ्यास शिक्षा नव्हे, तर उपचार मिळावा, हे आपल्या देशाच्या २०१७ च्या कायद्यानेही मान्य केले आहे.

म्हणून मातापित्यांनो, आपला मुलगा वा मुलगी अबोल झाली, झोप व भूक उडाली, तर रागे भरू नका. जवळ बसा, ऐका, शेजाऱ्यांच्या मुलांशी तुलना करू नका. दोन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा ऐकू आल्यास एक दिवसही थांबू नका. सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस चालू असते. आमचे दारही उघडे आहे. यापुढे आम्ही आधी ऐकू.

पवित्र मरिया माता आपल्या सर्व लेकरांस सांभाळो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.