कुलपाचीही जबानी घ्या



या व्यासपीठावर संगणकातल्या कुलपाविषयी बोलायला एका युनियनवाल्याला उभे केले, हे संयोजकांचे धाडसच म्हणायचे. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचे सारे शिक्षण आरोपपत्रे वाचता वाचता झाले. आजचा विषयही एका आरोपपत्रातूनच आला.

2013 साली एका कारखान्याने टाइम ऑफिसातल्या आमच्या सभासदाला निलंबित केले. ओव्हरटाइमच्या नोंदी रात्रीतून बदलल्या होत्या आणि बदलणाऱ्याच्या रकान्यात नाव होते याचे. साहेबांचा हिशेब सोपा : परवलीचा शब्द याचा, म्हणून हातही याचाच.

नोंदी होत्या मायएसक्यूएलमध्ये. कर्त्याने हे नाव आपल्या माय या मुलीवरून ठेवले. पुढे धाकट्या मारियाच्या नावाने मारियाडीबी निघाले. जून 2012 मध्ये मारियाडीबीच्या सर्गेई गोलुबचिक यांनी जाहीर केले, की दोन्हींच्या काही आवृत्त्यांत चुकीचा शब्दही कधी कधी चालून जातो.

कसा, ते पाहा. दिलेला शब्द आणि साठवलेली खूण यांची यंत्र तुलना करते. तुलनेतून एक आकडा निघतो. तो शून्य असला की दार उघडते. पण तो ठेवायला जागा होती एकाच बाइटची! समजा, गेटवरच्या पहारेकऱ्याच्या वहीत दोनच अंकांचा रकाना आहे. फरक आला 300. तो शेवटचे 00 लिहितो आणि सलाम ठोकून आत सोडतो. बाइटात 256 आकडे मावतात, म्हणून 256 ची पट आली की यंत्राला ते शून्यच. शिवाय दर खेपेला यंत्र नवा मजकूर मिसळून तुलना करते. त्यामुळे तोच चुकीचा शब्द पुन्हा पुन्हा दिला तरी आकडा निराळा येतो. सरासरी 256 खेपांत एकदा दार उघडायचे. तीनशे खेपांना सेकंदही लागत नाही. नाव तेवढे ठाऊक हवे.

सगळ्याच यंत्रांवर हे होत नव्हते. काही 64-बिट लिनक्सवर होई, उबुंटू 12.04 त्यांतलीच.

चौकशीत मी एकच प्रश्न लावून धरला : आवृत्ती कोणती? निघाली 5.5.22, उबुंटू 12.04 वर. दुरुस्ती 5.5.24 मध्ये आलेली. वर्ष होत आले तरी बसवलेली नव्हती. चुकलेल्या खेपा टिपण्याची सोय बंद. आणि त्या यंत्रापर्यंत कारखान्यातल्या कुठल्याही संगणकावरून पोचता येत होते.

कुणी दार तसे उघडलेच, असे मी तेव्हा म्हटले नाही, आजही म्हणत नाही. खातेचौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. तिथे संशयावर भाकरी जाते. मग माणसाच्या आधी कुलपाची जबानी नको का घ्यायला?

तो कामावर परतला. निलंबनातला कापलेला पगार मिळायला मात्र पुढे तीन वर्षे भांडावे लागले.